स्क्रीन वर उचलली आणि मान अधिकच आखडली

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी ४८ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या शाखेत लेखनिक आहे. व्हाउचर आणि पिग्मी एजंटांचे भरणा तक्ते पाहून दिवसभर संगणकावर नोंदी करणे आणि सायंकाळी रोजकीर्द जुळवणे हे माझे काम. गेले वर्षभर दुपारनंतर मान आखडते, उजवा खांदा भरून येतो आणि डोळे चुरचुरतात. दोन वर्षांपूर्वी मला प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा लागला. मध्यंतरी एका तरुण सहकाऱ्याने स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी असे सांगून मॉनिटर एका जुन्या, आडव्या केलेल्या सीपीयूवर ठेवून दिला. तेव्हापासून दुखणे कमी होण्याऐवजी मान जास्तच दुखते आणि सायंकाळी डोक्याची मागची बाजू ठणकते. माझी उंची पाच फूट आहे. टेपने मोजले तेव्हा टेबल ७५ सेंटीमीटर भरले. खुर्ची मी सर्वांत खालच्या टप्प्यावर, ४२ सेंटीमीटरवर ठेवते, कारण वर घेतली की पाय लोंबकळतात. शाखाधिकारी म्हणतात, ताठ बसत जा, सवय होईल. स्क्रीन नेमकी कुठे असावी? मानेला पट्टा लावावा का? आणि स्वतःच्या पैशाने महागडी खुर्ची घ्यावी का?

उत्तर

ताई, आपण टेप घेऊन मापे काढलीत हे फार चांगले केलेत, कारण आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या मापांतच आहेत. आपल्या सहकाऱ्याने सांगितलेला नियम मुळात चुकीचा नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी, आणि नजर स्क्रीनच्या मध्यावर ठेवताना ती १५ ते २० अंश खाली झुकलेली असावी, असेच सर्वत्र सांगितले जाते. मात्र हा नियम साध्या डोळ्यांनी किंवा एकाच नंबरच्या चष्म्याने काम करणाऱ्यांसाठी आहे. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा वापरणाऱ्या माणसाला तो जसाच्या तसा लावला, तर मान सुटण्याऐवजी आखडते, आणि आपल्या बाबतीत तेच झालेले दिसते.

प्रोग्रेसिव्ह काचेचा वरचा भाग दूरचे पाहण्यासाठी आणि तळाचा भाग वाचनाच्या अंतरासाठी, म्हणजे डोळ्यांपासून सुमारे ४० सेंटीमीटरसाठी असतो. संगणकाची स्क्रीन सहसा ६० सेंटीमीटरच्या आसपास असते आणि त्या अंतरासाठी काचेच्या मधोमध एक अरुंद पट्टाच तेवढा उपयोगी पडतो. स्क्रीन उंच असली की समोर काचेचा दूरचा भाग येतो, अक्षरे पुसट दिसतात, आणि माणूस नकळत हनुवटी वर करून, थोडा पुढे सरकून, काचेच्या खालच्या भागातून पाहू लागतो. हनुवटी तासन् तास वर राहिली की कवटीच्या तळाशी असलेले लहान स्नायू सतत आखडलेले राहतात आणि त्यांची वेदना डोक्याच्या मागच्या बाजूला, कधी कधी कपाळापर्यंतही जाणवते. आपण वर्णन केलेला सायंकाळचा ठणका बहुधा याच जातीचा आहे. उद्या काम करताना सहकाऱ्याला बाजूने आपले छायाचित्र मोबाइलवर काढायला सांगा. आपण सावध नसताना काढलेले असावे, म्हणजे हनुवटी कुठे आहे आणि कान खांद्याच्या किती पुढे आला आहे, हे आपल्यालाच दिसेल.

तेव्हा तो सीपीयू काढायचा आहे. परंतु तेवढ्यानेच भागेल असे समजू नका, कारण स्क्रीनची उंची ही बैठकीतील शेवटची गोष्ट आहे. ती डोळ्यांच्या उंचीवर ठरते, डोळ्यांची उंची खुर्चीवर ठरते, आणि खुर्ची किती वर घ्यायची हे टाइप करणाऱ्या हाताचा कोपर ठरवतो. बहुतेक कचेऱ्यांत स्क्रीनपासून सुरुवात होते आणि खुर्चीचा विचार कोणी करत नाही, म्हणून मी हा क्रम एवढ्या आग्रहाने सांगत आहे.

आपल्या मापांवरून हिशेब मांडू. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचा कोपर, खांदे सैल सोडून बसल्यावर, बैठकीपासून साधारण २० सेंटीमीटर वर असतो. खुर्ची ४२ वर असेल तर कोपर जमिनीपासून ६२ सेंटीमीटरवर येतो. टेबल ७५ आणि त्यावर कीबोर्डची जाडी दोन सेंटीमीटर. म्हणजे आपले हात दिवसभर कोपरापेक्षा १५ सेंटीमीटर उंचावरच्या कळा दाबत आहेत, आणि ते अंतर भरून काढण्यासाठी दोन्ही खांदे कानांच्या दिशेने वर उचलले जात आहेत. खांदा भरून येण्याचे मोठे कारण हेच. आखडलेला स्नायू जड ओझे उचलत नसला तरी सतत ताणलेला राहिल्याने त्यातला रक्तपुरवठा मंदावतो आणि दुपारपर्यंत त्याला रग लागते. यात आपला काही दोष नाही. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची साधारण आपल्याइतकीच, सुमारे १५२ सेंटीमीटर आहे, आणि तरीही कचेऱ्यांत येणारी टेबले सर्रास ७५ सेंटीमीटरचीच असतात. ती उंच माणसाने लिहिण्यासाठी ठीक आहेत. आपल्यासारख्या असंख्य स्त्रिया त्यांच्यापुढे खांदे उचलून नोकरी काढतात आणि दुखणे वयावर घालतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

टेबलाचे पाय कापणे हा सरळ उपाय असला तरी पतसंस्थेचे टेबल डेडस्टॉकला, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढवलेले असते आणि त्याला करवत लावण्याची परवानगी मिळणे अवघडच. त्यामुळे आपण खुर्ची वर घ्यायची. गॅसलिफ्टच्या, म्हणजे दांडी ओढून वर-खाली होणाऱ्या, बहुतेक खुर्च्या ५० ते ५२ सेंटीमीटरपर्यंत जातात. तेवढी वर घ्या आणि तरीही कोपर कमी पडत असेल तर बैठकीवर घट्ट भरलेली, बसल्यावर न दबणारी उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवा. कोपर आणि कीबोर्ड एका रेषेत आले, किंवा कोपर तसूभर वर राहिला, की पुरे. टेबलाखाली सरकता कीबोर्ड ट्रे बसवता आला तर खुर्ची एवढी वर न्यावी लागत नाही, पण तो बसवण्याआधी मांड्या त्याला घासत नाहीत ना, हे पाहून घ्या.

पाय लोंबकळतात म्हणून आपण खुर्ची खाली घेतलीत आणि दुखणे पायांतून खांद्यात गेले. पायांची सोय वेगळी करायला हवी. खुर्ची १० ते १२ सेंटीमीटर वर गेली की पायांखाली १२ ते १५ सेंटीमीटर उंचीचा आधार लागेल. घरचा पाट यासाठी अपुरा पडतो. गावातल्या सुताराकडून दोन्ही तळवे ऐसपैस मावतील असा, पुढच्या बाजूला किंचित उतार असलेला लाकडी चौरंग करून घ्या, अथवा फळांची मजबूत लाकडी पेटी उलटी करून वापरा. अनेक कचेऱ्यांत कागदाची रिमे पायांखाली घेतात. कागदाला पाय लावणे आपल्याकडे कोणालाच रुचत नाही, आणि रिमे निसटतातही, म्हणून ती मी सुचवत नाही. आधाराची उंची बरोबर आहे का, हे ओळखण्याची खूण अशी की तळवे पूर्ण टेकलेले असतात आणि खुर्चीची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतत नाही. गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांमध्ये दोन-तीन बोटांची फट राहिली पाहिजे. खुर्चीची बैठक खोल असेल तर कमी उंचीच्या माणसाला एक तर कड रुतवून घ्यावी लागते किंवा पाठीचा टेकू सोडून पुढे बसावे लागते. अशा वेळी कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी किंवा छोटी उशी ठेवून मागे सरकून बसावे.

आता ‘ताठ बसा’ या सल्ल्याविषयी. तो कळकळीने दिला जातो आणि आपण सगळे तो शाळेपासून ऐकत आलो आहोत, पण आठ तासांच्या कामाला तो लागू पडत नाही. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून तिथला दाब प्रत्यक्ष मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त होता, पुढे वाकून बसल्यावर आणखी वाढत होता, आणि पाठ टेकवून मागे रेलल्यावर कमी होत होता. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे बसलेल्या माणसांचे एमआरआय काढून झालेल्या अभ्यासातही ९० अंशांत ताठ बसण्यापेक्षा मागे रेलून बसणे कमरेला सोसणारे ठरले. त्यात १३५ अंशांचा कोन सर्वांत चांगला निघाला होता, परंतु तेवढे रेलून व्हाउचर भरता येणार नाहीत. पाठ १०० ते ११० अंशांवर, म्हणजे किंचित मागे आणि पूर्ण टेकलेली ठेवा, एवढे आपल्या कामात जमते. टेकू सोडून ताठ बसलेला माणूस अर्ध्या तासात थकतो आणि मग पोक काढून पुढे झुकतो. साहेबांना हे सांगायला संकोच वाटू देऊ नका.

हे सगळे झाल्यावर स्क्रीनकडे वळा. आपण १० सेंटीमीटर वर बसलात म्हणजे डोळेही तेवढेच वर गेले, आणि सीपीयू काढल्यावर स्क्रीन तेवढीच खाली आली. माझ्या अंदाजाने आता आपले डोळे जमिनीपासून १२० सेंटीमीटरच्या आसपास असतील आणि साध्या स्टँडवरच्या मॉनिटरची वरची कड त्याहून थोडी खाली, आपल्या चष्म्याला हवी तशी येईल. ५ ते ८ सेंटीमीटर खाली असली तरी चिंता नको. मग मॉनिटरचा वरचा भाग थोडा मागे कलता करा, म्हणजे खाली झुकलेली नजर स्क्रीनवर काटकोनात पडेल. कलवल्यामुळे छतावरच्या ट्यूबचे प्रतिबिंब त्यात दिसू लागले तर कल थोडा कमी करा, नाहीतर मॉनिटर ट्यूबच्या रेषेतून बाजूला घ्या. खिडकी आपल्या उजव्या किंवा डाव्या हाताला असावी. ती पाठीमागे असेल तर स्क्रीनवर उजेड चमकतो, आणि मॉनिटरच्या मागे असेल तर डोळे दिपतात. अंतर साधारण हाताच्या लांबीएवढे ठेवा. जागेवर बसून डोळे मिटा, मान सैल सोडा, डोळे उघडा, आणि हनुवटी न हलवता स्क्रीनच्या मध्यावरची ओळ वाचून पाहा. ती वाचता आली तर उंची जमली.

ती ओळ स्पष्ट दिसली नाही, तर अडचण चष्म्यात आहे. टेपने डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचे आणि डोळ्यांपासून व्हाउचरपर्यंतचे अंतर मोजा, दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहा, आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवून फक्त संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा मागा. आपण आकडे दिले नाहीत तर तपासणी नेहमीच्या दोन अंतरांचीच होते. या एका चष्म्याने, माझ्या मते, आपल्या मानेला कुठल्याही औषधापेक्षा अधिक आराम पडेल. त्याबरोबरच स्क्रीनवरची अक्षरे १२५ टक्क्यांपर्यंत मोठी करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ते दोन मिनिटांत होते. देवनागरीत रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांचे बारकावे लहान आकारात पुसट होतात आणि नावांची खात्री करून घेण्यासाठी माणूस स्क्रीनकडे ओढला जातो. एक हजार रुपयांच्या खात्यावर चुकीचे नाव पडू नये म्हणून आपण किती वेळा पुढे झुकत असाल, याची मला कल्पना आहे.

आपल्या पत्रातला एक तपशील मला स्क्रीनपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे व्हाउचरांचा गठ्ठा. तो कीबोर्डच्या डाव्या बाजूला टेबलावर आडवा पडलेला असणार, असे मी धरून चालते. प्रत्येक नोंदीला मान डावीकडे वळते, खाली झुकते, मग पुन्हा स्क्रीनकडे वर येते, आणि हे दिवसातून शेकडो वेळा होते. डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. भरलेली कळशी कमरेला टेकवून नेताना जेवढी जड वाटते त्याच्या कितीतरी पट ती हात लांब करून धरली की वाटते, तसेच डोके पुढे गेले की मानेवर होते. न्यूयॉर्कमधील मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये आकडेमोडीने हा भार काढला, तेव्हा मान ३० अंश झुकल्यावर तो सुमारे १८ किलो आणि ६० अंशांवर सुमारे २७ किलो भरला. म्हणून गठ्ठा टेबलावरून उचला. पोथी ठेवायची लाकडी ठवणी घरी असेल तर ती कीबोर्ड आणि स्क्रीन यांच्या मधोमध ठेवून तिच्यावर व्हाउचर उभे लावा, किंवा क्लिप असलेला पुठ्ठ्याचा पॅड जाड फाइलच्या आधाराने तिरका करा. आणि नोंदी करताना आपण स्क्रीनपेक्षा कागदाकडेच अधिक पाहत असाल, जसे आकडे भरणारे अनुभवी लोक पाहतात, तर बिनदिक्कत कागद समोर आणि स्क्रीन थोडी बाजूला घ्या. ज्याकडे जास्त वेळ पाहायचे ते समोर, एवढेच यात सांभाळायचे आहे.

उजवाच खांदा का भरून येतो, याचे कारण नंबर पॅडमध्ये आहे. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर अक्षरांच्या कळांच्या उजवीकडे बाणांच्या कळा, मग आकडे, आणि त्यांच्याही पलीकडे माऊस येतो. तिथपर्यंत पोहोचताना उजवा हात शरीरापासून दूर, बाहेरच्या बाजूला ताणलेला राहतो. आपले काम आकड्यांचे असल्याने नंबर पॅड सोडता येणार नाही. तेव्हा कीबोर्ड डावीकडे सरकवून नंबर पॅड उजव्या खांद्याच्या समोर आणा आणि माऊस डाव्या हाताला घ्या. पहिले काही दिवस हात अवघडेल, रोजकीर्द जुळवायच्या घाईत तर चिडचिडही होईल, म्हणून सुरुवात सकाळच्या निवांत वेळेत करा. हळूहळू तो हात सरावतो.

डोळे चुरचुरण्याचे कारण वेगळे आहे. स्क्रीनकडे एकाग्रतेने पाहताना आपण पापण्या नेहमीपेक्षा खूपच कमी वेळा मिटतो आणि डोळ्यांवरचा ओलावा सुकतो. त्यात टेबलफॅन किंवा एसीचा झोत तोंडावर येत असेल तर आणखी. पंख्याचे तोंड फिरवा. दर २० मिनिटांनी २० फूट लांबची वस्तू २० सेकंद पाहावी, असा एक सोपा नियम आहे. आपल्या शाखेत काउंटरपलीकडचे दार किंवा रस्त्यावरचे झाड त्यासाठी पुरेसे आहे.

उत्तम बैठकही तासन् तास तशीच ठेवली तर दुखते. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारकुनांच्या दुखण्यांची कारणे नोंदवली होती: सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. आपल्या रोजकीर्दीला ही तिन्ही आजही लागू आहेत. अर्ध्या तासाने एकदा उठा. पासबुक छापायला स्वतः जा, व्हाउचरांवर सही घ्यायला शिपायाकडे गठ्ठा न देता आपणच उठा, फोन आला तर उभ्याने बोला. मिनिटभर पुरते, पण ते वारंवार हवे. आणि मधल्या सुट्टीत मांडीवर मोबाइल धरून मान घालून बसू नका.

पट्ट्याविषयी विचारलेत. आपल्या मनाने तो लावू नका, कारण तो दिवसभर बांधून ठेवल्याने मानेचे स्नायू दुबळे होतात. तसेच केस कापताना किंवा मालिश करताना झटका देऊन मान मोडून घेण्याचा प्रकार कटाक्षाने टाळा, त्यात मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, हातातून पेन किंवा कप निसटणे, मानेतून कळ बोटांपर्यंत जाणे, चालताना तोल जाणे, रात्री झोपेतून जाग यावी इतके दुखणे, किंवा दुखण्याबरोबर ताप अथवा वजन घटणे, यांपैकी काहीही असेल तर बैठक सुधारत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

खुर्चीवर स्वतःचे पैसे तूर्त घालू नका. आधी चष्मा आणि पायांखालचा आधार यांवर खर्च करा आणि महिनाभर फरक पाहा. खुर्चीची गॅसलिफ्ट बिघडली असेल किंवा पाठीचा टेकू मोडला असेल, तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि त्यात दुखण्याचे वर्णन थोडक्यात आणि मापे सविस्तर लिहा: टेबल इतके, कोपर इतका, फरक इतका. युरोपीय समुदायाने १९९० साली स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी जे निर्देश काढले, त्यांत मागेल त्याला पाय ठेवण्याचा आधार द्यावा आणि कामासाठी खास चष्मा लागला तर त्याचा भार कर्मचाऱ्यावर टाकू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. ते आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण आपली मागणी चैनीची नाही हे संचालक मंडळाला पटवून द्यायला उपयोगी पडतील. शाखेत आपल्याच उंचीच्या आणखी कोणी असतील तर अर्जावर त्यांच्याही सह्या घ्या.